सुटली म्हण

होणारे व्याही मला बिअरच्या कारखान्यात घेऊन गेले, याला कारण माझं तोंड. दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नाही.

मुलीच्या लग्नाची बैठक आमच्याकडे, बदलापुरात कुळगावला होती. मुलं एकमेकांना चार वर्षं ओळखत होती, त्यामुळे बैठक म्हणजे नुसती रीत. तारीख, हॉल, कुणाची किती माणसं, सगळं पोह्यांबरोबरच उरकलं. व्याही सोनिवलीचे. बापजाद्यांची भातशेती, त्यातल्या निम्म्या जागेवर आता इमारती उभ्या आहेत. माणूस मोठ्या आवाजाचा आणि मोकळ्या मनाचा. निघताना दारात चपला घालता घालता त्यांनी मला विचारलं, "तुम्ही घेता ना?" त्यांच्याकडे हळदीला घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची बसायची सोय वेगवेगळी करतात, त्यामुळे आधी विचारून ठेवावं लागतं. त्यात वावगं काहीच नव्हतं.

"नाही" म्हणायला असा किती वेळ लागतो? पण "नाही" म्हटलं की पुढचा विचारतो, "कधीच नाही?" आणि त्याच्या पाठोपाठ "का?" येतो. त्या "का"चं उत्तर मुलीच्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत, दारात उभं राहून द्यायची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, "कधीमधी." बायकोच्या हातातला ट्रे खुळखुळला. मुलगी खाली बघत राहिली. व्याह्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि येत्या रविवारी आमच्या जागेत यायचंच, असं फर्मान काढलं. त्यांच्या बारवी रस्त्याकडच्या जमिनीवर मुंबईच्या कुणीतरी बिअर बनवायचा लहानसा कारखाना टाकला होता. तिथेच बनते, तिथेच टेबलावर येते. जमीन व्याह्यांची, त्यामुळे त्यांना त्याचा फार अभिमान.

ते "का" इथेच सांगून टाकतो.

आम्ही तेव्हा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायचो. अंबरनाथला एका रंगाच्या कंपनीत मी केमिस्ट. अजूनही तिथेच आहे, पुढच्या वर्षी सुटेन. पहिल्या पाळीवरून घरी येताना वाटेत एक बार होता. मी रस्त्यावर पडलेला कुणी कधी पाहिला नाही, घरात कधी हात उगारला नाही, पगार कधी उडवला नाही. तेवढ्यावर मी दारुडा नाही अशी स्वतःची समजूत घातली होती. बायको हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरवर संध्याकाळच्या ड्युटीला असायची, म्हणून मुलीला नाचाच्या क्लासमधून आणायचं काम माझं. एका कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर एक सिंधी बाई क्लास घ्यायच्या. क्लास सहाला सुटायचा. त्या दिवशी मी पावणेनऊला घरी पोचलो, तर आमच्या कुलूप लावलेल्या दाराबाहेर पायरीवर मुलगी आणि तिच्या शेजारी त्या बाई बसलेल्या. किल्ली माझ्या खिशात होती. मुलीला क्लासमधून आणायचंय हे मला तिला तिथे बघेपर्यंत आठवलंच नव्हतं.

त्या बाई उठल्या, साडीचा पदर झटकला आणि एवढंच म्हणाल्या, "भाईसाब, बच्ची है." मग जिना उतरून गेल्या. त्यांनी चारचौघांत मला शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मुलगी नऊ वर्षांची होती. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा युनिफॉर्म घालून माझ्यासमोर उभी राहिली, माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. म्हणाली, "माझ्या गळ्याची शप्पथ घे. परत प्यायची नाही."

आमच्या इमारतीतल्या पोरांचे या बाबतीतले कायदे कडक होते. गळ्याची कातडी चिमटीत धरून शपथ घ्यायची. शपथ मोडली तर ज्याचा गळा तो मरणार. आणि ज्याने शपथ घातली त्याने "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. जिन्यावरून एकमेकांच्या मागे "सुटली म्हण, सुटली म्हण" करत धावणारी पोरं मी रोज ऐकायचो. मी रसायनशास्त्राचा पदवीधर, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण मी तिच्या गळ्याची कातडी चिमटीत धरली तेव्हा बोटांखाली तिची नाडी उडत होती. त्या दिवसापासून मी थेंबभरही घेतलेली नाही. हा माझा मोठेपणा नाही. मी घाबरलो होतो, आणि पुढची सोळा वर्षं घाबरलेलाच राहिलो.

मध्ये आम्ही बदलापूरला आलो, ती मोठी झाली, नोकरीला लागली. त्या शपथेबद्दल घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही. मी कधी तिला "सुटली म्हण" म्हटलं नाही आणि तिनेही कधी म्हटलं नाही.

रविवारी बायकोने यायला नकार दिला. मला तिथे काय करायचंय, म्हणाली, आणि मुलीकडे वळून, "तू जा बाबाबरोबर." पेशंटबरोबर कुणाला तरी धाडावं तसं. मला राग आला. सोळा वर्षांनंतरही माझ्याबरोबर राखणदार लागावा का? पण बोलणार काय? "कधीमधी" मीच म्हटलं होतं.

जावईबापू गाडी घेऊन दाराशी आले. मला मानाने पुढे बसवलं, मागे व्याही आणि मुलगी. सोनिवलीच्या नव्या टॉवरांवरून जाताना कुठे आपलं खळं होतं आणि कुठे आंब्याचं झाड, ते व्याही दाखवत होते आणि मी हं हं करत मनात सबबींची उजळणी करत होतो. कारखान्याचं फाटक लोखंडी, चाकावर सरकणारं. गाडी आत गेली आणि वॉचमनने ते मागे ओढून लावून घेतलं. इथून रिक्षा मिळत नाही, हे मी लगेच हेरलं. अशा गोष्टी मी अजून हेरतो.

आत शिरलो आणि वास आला. शिजलेल्या धान्याचा, गुळाच्या काहिलीजवळ येतो तसा गोड आणि मागून किंचित आंबूस. मला तो वास आवडला. तिथेच माझं धाबं दणाणलं.

कारखाना दाखवायला तिथली बिअर बनवणारी बाई आली. पस्तिशीची, पायात गमबूट, केसांना जाळी. मराठवाड्यातली, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. स्टीलच्या टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह, थर्मामीटर. हे सगळं मी आयुष्यभर पाहत आलोय, फक्त आमच्या टाक्यांतून जे निघतं ते प्यायलं तर माणूस संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तिने मला मोड आणून भाजलेलं जव चघळायला दिलं. नळकांड्यात रसाची घनता मोजायचा हायड्रोमीटर सोडला होता, तो मी न सांगता वाचला तेव्हा तिने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. पाऊण तासात तेवढी दोन मिनिटं मी कशासाठी आलोय ते विसरलो.

एका टाकीच्या नळाखाली तिने कप धरला आणि मला दिला. तपकिरी, कोमट, दाट गोड. मी कप नाकाशीच धरून ठेवला. ती म्हणाली, "घ्या सर, यात अजून काही नाही. यीस्ट टाकायचंय. आज हा नुसता गोड काढा आहे, दारू व्हायला दोन आठवडे लागतील." मी सगळा कप संपवला आणि आणखी मागितला. व्याही हसून म्हणाले की हे शाळेतल्या पोरांचं काम झालं, आता मोठ्यांचं घेऊ.

मग टेबल. पत्र्याची उंच शेड, बाजूला काचेपलीकडे त्याच टाक्या. माझ्यासमोर एक लाकडी फळी आली, तिच्यात चार खाचा आणि त्यांत चार छोटे ग्लास: एक पिवळट, एक तांब्याच्या रंगाचा, एक गढूळ, एक काळा. नवीन माणसाला आधी सगळ्यांची चव देतात. व्याह्यांचा ग्लास मोठा. जावईबापूंनी गाडी चालवायची म्हणून काही घेतलं नाही आणि मुलीने लिंबू सोडा.

"घ्या, व्याही," ते म्हणाले.

मी अॅसिडिटीचं सांगितलं. ही बिअर आहे, दारू नाही, पोट थंडच राहील, असं उत्तर आलं. मी ब्लडप्रेशरच्या गोळीचं सांगितलं. जावईबापूंनी गोळीचं नाव विचारलं, मोबाइलवर पाहिलं आणि फार अदबीने म्हणाले, "काका, छोटा ग्लास चालेल असं लिहिलंय. लाइट आहे एकदम." मी म्हणणार होतो की आज माझा उपवास आहे, पण हातात चिकन टिक्क्याची काडी होती. मग मी नुसताच हसलो. कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये चुकून आलेला माणूस हसतो तसा.

व्याह्यांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी आपला ग्लास खाली ठेवला. मघापासूनचा मोठा आवाज बारीक झाला. "आमच्या जागेतली आहे, म्हणून तुम्हाला आणलं. तुम्ही कंपनीतले साहेब, शिकलेली माणसं. आमच्या हातचं चालत नसेल तर तसं बोला. आम्हाला राग नाय."

राग नाही असं म्हणणाऱ्या माणसाचं तोंड पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी मुलगी त्यांच्या घरात नांदायला जाणार होती. आता खरं सांगावं तर बाप दारुडा होता हे तिच्या सासरी तिच्या आधी पोचणार. न सांगावं तर बाप शिष्ट. आणि प्यावं, तर समोरच्या खुर्चीवर तो गळा होता. कुठूनच वाट नव्हती. मी फळीवरच्या चार ग्लासांकडे बघत बसलो.

मुलीने सोड्याचा ग्लास बाजूला सरकवला. मला वाटलं, ही आता काहीतरी सांगून सोडवणार. ती माझ्याकडे बघून, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, सुटली."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"काय सुटली?" जावईबापूंनी विचारलं. आमचं लहानपणचं काहीतरी आहे, असं ती म्हणाली. व्याह्यांना तेवढं पुरलं. पोरीने परवानगी दिली, आता काय अडचण, म्हणत त्यांनी पुन्हा आपला ग्लास उचलला.

सोळा वर्षांची बेडी तुटली, मला हलकं वाटायला हवं होतं. माझ्या पायाखालची जमीन सरकली. तोवर माझी लढाई व्याह्यांशी होती, गोळ्यांशी होती, उपवासाशी होती. आता मध्ये कुणीच उरलं नाही. मी आणि ग्लास. माझा हात गेला तो थेट तांब्याच्या रंगाच्या ग्लासाकडे. कुठला घ्यायचा हे हाताने केव्हाच ठरवून ठेवलेलं होतं. ग्लास गार होता. मी तो तोंडाजवळ आणला, फेस मिशीला लागला, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात हिशेब सुरूही झाला होता: शपथ सुटली, कुणी मरत नाही, आजचा एक. मग हळद. मग पाळी सुटली की अंबरनाथ स्टेशनजवळ उजव्या हाताला जिना चढून. तो बार मी आतून कधी पाहिलेलाही नव्हता. फक्त तिथे जिना आहे हे सोळा वर्षं मला माहीत होतं.

मी ग्लास खाली आदळला. अर्धी बिअर फळीवर सांडली. बाथरूमला जाऊन येतो म्हणालो आणि उन्हात बाहेर पडलो, थेट फाटकापर्यंत. वॉचमनने गाडीचा नंबर विचारला. गाडी माझी नाही, मला नुसतं बाहेर जायचंय, म्हटलं. बाहेर कुठे, साहेब, त्याने विचारलं, आणि खरंच, फाटकापलीकडे कापणी झालेलं शेत आणि डंपरांचा रस्ता, याखेरीज काही नव्हतं. मी तिथेच गजाला धरून उभा राहिलो.

मुलगी मागोमाग आली. तिला पाहिल्यावर माझा संताप उसळला. भीती वाटली की मी रागावतो, ही माझी जुनी खोड. मी म्हणालो, "तुला कुणी सांगितलं होतं सोडवायला? मला तिथे एकट्याला सोडलंस. घाल परत ती शपथ. आत्ता, इथे." आणि मी हात पुढे केला.

ती एक पाऊल मागे सरली. आपला हात गळ्यावर ठेवला, झाकल्यासारखा.

"नाही घालणार, बाबा. मला सुटायचं होतं. तुला सोडवलं नाही मी, मीच सुटले."

ती भराभर बोलत गेली, पुष्कळ दिवस पाठ केल्यासारखं. लहानपणी घसा दुखला की तिला वाटायचं, बाबा प्यायला. सर्दी झाली, आवाज बसला, काटा अडकला, दर वेळी तेच. मोठी झाल्यावर हसू यायचं, पण दुखायला लागलं की पहिला विचार तोच. सातवीत टॉन्सिल्स सुजले, ताप उतरेना, तेव्हा आपण आता मरणार याची तिला खात्री झाली होती. "तू पहिल्या पाळीवरून येऊन दुपारी झोपला होतास. मी तुझ्या तोंडाचा वास घ्यायला आले होते."

ती दुपार मला आठवत होती. मला जाग आली तेव्हा तिचा तापलेला चेहरा माझ्या चेहऱ्याला टेकलेला होता. मी तिला कुशीत घेतलं होतं. एवढ्या तापात पोर बापाला बिलगायला आली, हे मी कौतुकाने किती जणांना सांगितलंय. परवाच्या बैठकीतसुद्धा सांगितलं, व्याह्यांना.

"लग्न झाल्यावर घसा दुखला," ती म्हणाली, "तर मला नुसता घसा दुखायला हवाय."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि पळूनही जावंसं वाटलं. सोळा वर्षं मी दारू सोडली म्हणून मनातल्या मनात मिरवत होतो. ती मी सोडली नव्हती, एका पोरीच्या गळ्यावर ठेवून दिली होती. पुढे केलेला हात मी मागे घेतला. तो कुठे ठेवावा ते कळेना, तेव्हा शर्टाचं वरचं बटण सैल करायला गेला आणि तिथेच, माझ्याच गळ्याशी, थांबला. माझ्या गळ्याच्या शपथेतून मला सोडवणारं दुसरं कुणी नसणार, हे लक्षात आलं.

"चल," मी म्हणालो. "त्यांना सांगतो."

"काय सांगणार?"

"जे आहे ते. तुझी हरकत असेल तर नाही सांगत."

तिने जरा विचार केला. मग मानेनेच हो म्हणाली आणि माझ्या पुढे चालायला लागली.

फळी पुसून ठेवली होती, उरलेले तीन ग्लास जागच्या जागी. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा अॅसिडिटी काढली असती. खुर्चीच्या पाठीला धरून म्हणालो, "बैठकीत मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी घेत नाही. आधी खूप प्यायचो. एकदा पिण्याच्या नादात हिला क्लासमध्ये विसरलो होतो, नऊ वर्षांची होती. तेव्हा सोडली. मी एक ग्लास घेतला तर मी तिथे थांबणार नाही."

जावईबापू मुलीकडे बघायला लागले. व्याह्यांनी एकेक करून ते तीन ग्लास माझ्यासमोरून उचलले आणि आपल्या पलीकडे ठेवले. त्याला बराच वेळ लागला. मग विचारलं, "मग हळदीला तुमचं पान कुठं मांडू?"

"न घेणाऱ्यांत."

"तिथं सगळ्या म्हाताऱ्या बाया असतात."

"चालेल," मी म्हणालो, आणि खाली बसलो. त्यानंतर ते पूर्वीसारखे मोकळे बोलले नाहीत. जेवण होईपर्यंत आम्ही हॉलच्या पार्किंगवर बोललो. घरी जाऊन ते काय सांगतील, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि विचारायची हिंमतही नव्हती.

परतताना व्याह्यांनी पुन्हा मलाच पुढे बसवलं. मी रुमालाने तीनदा मिशी पुसली, तरी वास जात नव्हता. तो मला अजून हवासा वाटत होता, आणि तो आपल्यालाच हवासा वाटतोय हे मी बघत बसलो होतो. सोनिवलीच्या वळणावर एक डंपर ओलांडून गेला. मागच्या सीटवर मुलगी खोकली. मग पुन्हा खोकली, घशातून, जोरात.

मी मान वळवून मागे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"धूळ आहे, बाबा," ती म्हणाली, आणि तिने काच वर केली.